धाब्याचा रंग : मातकट

वाळवंटातल्या यझ्द शहरात एका शाळेत नुसरत आगा एकोणीस वर्षं भूगोल शिकवत होते, आणि 'उष्ण वाळवंटी प्रदेशातील घरे' हा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. जाड मातीच्या भिंती, वारा पकडून आत सोडणारा मनोरा, आणि दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याआधी भुसा कालवलेल्या चिखलाने लिंपलेलं मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं. फळ्यावर हे असं रंगवायचे की शेवटच्या बाकावर बसलेल्यांनाही गार वाटायचं.

फक्त त्यांचं स्वतःचं धाबं सहा वर्षं लिंपलेलं नव्हतं.

म्हणजे विसरले नव्हते. राहून गेलं होतं. या दोन्हींत फार फरक आहे असं नुसरत आगांचं म्हणणं. त्यांच्या मंडळी, तलअत खानम, म्हणायच्या, फरक एवढाच की विसरलेलं कधीतरी आठवतं.

नव्या वर्षाचा सण, नवरोझ, महिन्यावर आला आणि तलअत खानमनी सणाची साफसफाई काढली. गालिचे अंगणात, भांडी अंगणात, नुसरत आगा अंगणात. तिथेच त्यांना पकडून त्या म्हणाल्या, "नुसरत आगा." रागात असल्या की त्या 'आगा' लावायच्या, एरवी नुसतं नुसरत. "गेल्या उन्हाळ्यात वरच्या खोलीत उशी ठेवली होती मी. संध्याकाळी उचलली तर इस्त्री केल्यासारखी तापलेली. बहराम म्हणतोय, नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. लिफ्ट आहे. भिंतीत एसी आहे."

"तुमच्या भावाला काय जातंय? तो फ्लॅटच विकतो."

"विकतो म्हणूनच त्याला कळतं. हे बघा, मला भांडायचं नाही. सणाच्या सुट्ट्या संपेपर्यंत, नव्या वर्षाच्या तेरा तारखेपर्यंत, धाबं धड झालं तर इथेच राहू. नाही झालं तर चौदाला सकाळी बहराम कागद घेऊन येईल, आणि दोघांनी सह्या करायच्या."

नुसरत आगांनी वर धाब्याकडे पाहिलं. उन्हाळ्यात ते त्याच धाब्यावर झोपायचे. सगळ्या घरात ही एकच जागा होती जिथे आडवं पडलं की तारे दिसायचे, आणि तारे उलट बोलायचे नाहीत. फ्लॅटमध्ये वर पाहिलं की वरच्यांच्या पलंगाची कुरकुर ऐकू येते, बाकी काही नाही.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "होऊन जाईल."

हे शब्द ज्या ज्या नवऱ्याने उच्चारले त्याचं पुढे काय झालं याची कुणी नोंद ठेवत नाही, म्हणून जग चाललंय.

धाबं लिंपणारा खरा माणूस शहरात एकच. उस्ताद यदुल्ला. वय चौऱ्याहत्तर, पाय चिखलाच्या रंगाचे, बोलणं मोजकं. नुसरत आगा त्यांच्याकडे गेले.

"उस्ताद, छोटंसं धाबं आहे माझं."

"धाबं छोटं नसतं मास्तर. मालक छोटा असतो."

"मग केव्हा याल?"

"खरबुजं बाजारात आली की विचारा."

खरबुजं येतात भर उन्हाळ्यात. तोवर नुसरत आगा तिसऱ्या मजल्यावर पोचलेले असणार. परत येताना गल्लीतच त्यांनी निर्णय घेतला. एकोणीस वर्षं शिकवतोय, एकदा करायला काय हरकत आहे?

हरकत होती. परवाना.

जुन्या वस्तीत धाब्याला नुसता हात लावायचा तरी जुनी घरं जपणाऱ्या कार्यालयातून परवाना लागतो. तिथल्या खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'धाब्याचा सध्याचा रंग'. नुसरत आगांनी लिहिलं, मातकट. पुढचा रकाना, 'कामानंतरचा रंग'. त्यांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि लिहिलं, मातकट.

कारकुनाने दोन्ही रकान्यांवर बोट फिरवलं. "रंग तोच राहणार, मग काम कशाला काढताय?"

"तापतं म्हणून."

"तापल्याचा रकाना नाही."

"मग गळतं म्हणून."

"पाऊस वर्षात चार दिवस पडतो इथे. तुम्ही नक्की भूगोलाचेच ना?"

नुसरत आगा घायाळ झाले. शेवटी आतून इंजिनिअर फरशीदी आला. पोरगेलासा, दाढी नीट कातरलेली, बोलणं इतकं गोड की चहात साखर नको. त्याने शिक्का मारला आणि म्हणाला, "फक्त एक, मास्तर. लिहिलेल्या रंगात फरक पडता कामा नये. पडला तर परवाना रद्द."

"मातीला दुसरा कुठला रंग येणार, इंजिनिअरसाहेब?" नुसरत आगा हसले.

दोघंही हसले. कारकूनही हसला.

आता भुसा. शाळेत खेळाचे मास्तर होते शाबान आगा, मेहरीझ गावचे, घरी मेंढ्या. त्यांच्याकडे नुसता विषय काढला तर ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "भुसा? अहो, माझा भुसा तो तुमचा भुसा!"

"नको नको, त्रास कशाला."

"त्रास? माझ्या डोक्यावर, डोळ्यांवर!"

"नाही हो, बाजारातून आणीन."

"बाजारातून? मग मी काय मेलो?"

चांगला माणूस तीनदा नको म्हणतो. नुसरत आगा तीनदाच म्हणाले. शाबान आगा चांगल्याहून चांगले, त्यांनी चौथ्यांदा आग्रह केला. दुसऱ्या दिवशी दारात बारा गोण्या. भुसा असा सोनेरी की तलअत खानमनी मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "हा धाब्यावर टाकायचा? मला तर खावासा वाटतोय."

हे वाक्य तेव्हाच कुणीतरी नीट ऐकायला हवं होतं.

गल्लीत मातीचा ढीग पडला, मधे आळं केलं, पाणी सोडलं, भुसा ओतला. नुसरत आगांनी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि उतरले. लगेच सल्ले सुरू झाले. शेजारच्या धाब्याच्या कठड्यावरून कमाल आगा डोकावले. तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सल्ला मागच्या सीटपर्यंत ऐकू जायचा.

"मास्तर! मीठ घाला मीठ! गोणीभर! नाहीतर गवत उगवेल!"

समोरच्या दारातून मोनीर खानम बाहेर आल्या. "मीठ? अजिबात नाही! माझ्या नवऱ्याने घातलं होतं. भिंतीला पापुद्रे सुटले, शेवटी भिंत राहिली नाही."

"आणि नवरा?"

"तोही नाही राहिला."

"मिठाने?"

"मिठाने नाही. पण मीठ घातलं होतं हे खरं."

दोघांनीही नुसरत आगांकडे पाहिलं. शिकलेला माणूस आहे, निवाडा करील. नुसरत आगा चिखलात गुडघाभर उभे होते, पण वर्गात असल्यासारखे ताठ झाले. "शास्त्र असं सांगतं की मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून मीठ नको."

कमाल आगांनी वर आभाळाकडे पाहिलं. निळं, कोरडं, तव्यासारखं. "ओलावा आहे कुठे हवेत, मास्तर?"

प्रश्न बरोबर होता. नुसरत आगांच्या पुस्तकातही पान बावन्नवर तेच लिहिलेलं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता, मोनीर खानम मान डोलवत होत्या, आणि माणूस एकदा गल्लीसमोर बोलला की माघार घेणं कठीण. मीठ पडलं नाही.

पुढचे आठ दिवस चिखल मुरत राहिला आणि नुसरत आगा शाळा सुटली की तो तुडवत राहिले. आमच्याकडे काम करणाऱ्या माणसाजवळून गप्प जाणं असभ्य. "दमू नका!" म्हणायचंच. आणि त्याने "सलामत राहा!" म्हणायचंच. पहिल्या दिवशी नुसरत आगांनी अख्खी गल्ली सलामत केली. तिसऱ्या दिवशी ते खरंच दमले होते, चिखलाने नाही, सलामतीने. पाचव्या दिवशी चिखलाला वास सुटला. मोनीर खानमनी खिडक्या लावल्या. कमाल आगा खूश. "वास आला म्हणजे पिकला! चिखल आणि जावई, दोन्ही मुरल्याशिवाय कामाचे नाहीत!"

मग दोरी, बादली, थापी. तीन दिवस. तलअत खानम खालून बादली भरून द्यायच्या, नुसरत आगा वरून ओढायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी नुसरत आगा शेवटचा कोपरा लिंपून उभे राहिले, कंबर सरळ केली, कपाळ पुसलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की जिना त्या टोकाला आहे, ते या टोकाला आहेत, आणि मधे सगळा ओला गिलावा.

"तलअत!"

"काय?"

"काही नाही."

चार तास ते त्या कोपऱ्यात उभे होते. कमाल आगांनी कठड्यावरून चहा दिला, साखरेचा खडा दिला, आणि मुक्कामाच्या गोष्टी सांगितल्या. "मी एकदा बर्फात सोळा तास उभा होतो, मास्तर. पण माझ्याकडे बस होती."

तरी काम झालं होतं. संध्याकाळच्या उन्हात धाबं असं तुकतुकत होतं, जशी भाजून काढलेली भाकरी. आणि देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, चौथ्या दिवशी पाऊस आला. एक दिवस नाही, तीन दिवस. मऊ, सावकाश, अंगाला न लागणारा. आमच्या गावात एवढा पाऊस म्हणजे लोक छत्री नसतानाही मुद्दाम बाहेर जातात. नुसरत आगा मात्र घरात लोकांना बोलावून छत दाखवत होते.

"बघा. हात लावून बघा. टिपूस नाही."

मेहुणा बहरामही आला, बूट दारात काढून, मोजे जपून. त्याने छताला हात लावला. कोरडं. "वा, भाऊजी," तो म्हणाला. "पण उन्हाळा अजून यायचाय."

"येऊ दे की!" नुसरत आगा म्हणाले. त्या तीन दिवसांत त्यांची उंची दोन बोटं वाढली होती. तलअत खानम त्यांना नुसतं नुसरत म्हणत होत्या.

नवरोझ उजाडला. दस्तरखानाची चादर अंथरली. त्यावर आरसा, अंडी, नाणी, सफरचंदं, लसूण, आणि थाळीत उगवलेला हिरवा गहू. यंदा थाळीतलं हिरवं जरा पिवळंच आलं होतं, तलअत खानम त्यावरून नाराज होत्या. वर्ष पालटायला काही क्षण राहिले. सगळ्यांचे डोळे घड्याळावर. तेवढ्यात वरून आवाज आला. तीस वर्षं बसमध्ये कमावलेला आवाज.

"मास्तर! वर या! चष्मा घेऊन या!"

नुसरत आगा जिना चढले.

धाबं हिरवं होतं.

म्हणजे कुठे कुठे नाही. सगळं. बोटभर उंचीचं, दाट, एकसारखं, वाऱ्यावर डुलणारं. घुमटाभोवती हिरवं, मनोऱ्याच्या पायथ्याशी हिरवं, ज्या कोपऱ्यात ते चार तास उभे होते तिथे तर विशेष हिरवं. तलअत खानम मागून आल्या. वाकून त्यांनी पात्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी पंधरा दिवस थाळीवर पाणी शिंपडत होते, नुसरत आगा. तुम्हीच केलं असतंत तर बरं झालं असतं."

'आगा' परत लागलं होतं.

सणाच्या भेटींना पहिले आले शाबान आगा, बायकोसह, मिठाईसह. नुसरत आगांनी त्यांना बसू न देता वर नेलं. शाबान आगांनी धाबं पाहिलं, वाकून एक पातं उपटलं, चावलं.

"जव," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता.

"जव कुठून आले, शाबान आगा?"

शाबान आगा लाजले. "आता काय सांगू. नुसता भुसा पाठवायचा? तुम्ही काय परके आहात? म्हणून मेंढ्यांसाठी ठेवलेला खास भुसा दिला. त्यात आधीच जव असतात. पण म्हटलं, मास्तरांना देतोय, वर आणखी दोन गोण्या जव मिसळू. माझ्या मेंढ्यांनाही मी एवढे सणालाच देतो."

"पण मी सांगितलं होतं ना, धाब्यासाठी हवाय!"

"ऐकलं होतं की. पण तुमच्या तोंडावर कसं म्हणू, धाब्याला हलका भुसाच लागतो म्हणून? तुम्हाला वाटलं असतं, कंजूष माणूस."

नुसरत आगांनी त्यांना खाली नेऊन चहा दिला. उलट आभारही मानले. दोनदा. सभ्यपणाने माणूस किती बुडतो याचा हिशेब आमच्याकडे कुणी करत नाही, कारण तोही असभ्यपणाच.

बातमी पसरली. त्या वर्षी नुसरत आगांकडे सणाला जेवढे लोक आले तेवढे अकरा वर्षांत आले नव्हते. दोन घास मिठाई, अर्धा कप चहा, आणि लगेच, "जरा वर जाऊन येऊ का?" लांबच्या मामांची माणसं आली, मामांना ओळखणारी माणसं आली, नुसत्याच चपला काढून जिन्याकडे वळणारी माणसं आली. तलअत खानम पिस्त्याच्या वाट्या भरून भरून थकल्या. पण एक गोष्ट होती. त्या हसत होत्या. नुसरत आगांना वाटलं, हे लोकांसमोरचं हसू आहे, आत काय चाललंय कुणास ठाऊक.

सात तारखेला इंजिनिअर फरशीदी आला. मिठाई घेतली नाही, मग घेतली, मग वर गेला. कागद काढला. कागदाकडे पाहिलं, धाब्याकडे पाहिलं. तो भला माणूस होता, त्याला दुखवायचं नव्हतं.

"अर्जात मातकट लिहिलंय, मास्तर. प्रत्यक्षात जरा..." त्याने शब्द शोधला. "जरा अमातकट आहे."

"हे मी मुद्दाम नाही केलं, इंजिनिअरसाहेब!"

"मी कुठे म्हणतो? पण धाब्यावर शेती चालत नाही. पाणी मुरतं, माती खचते. चौदा तारखेला सकाळी मी येतो. तोपर्यंत मातकट करा."

तो जातोय तोच मोनीर खानम वर आल्या आणि त्यांनी उरलेलं संपवलं. "इंजिनिअरचं सोडा. तेरा तारखेनंतर नवरोझचं हिरवं घरात ठेवायचं नसतं, वर्षभराचं दुखणं घरात राहतं. आम्ही थाळी नेऊन ओढ्यात सोडतो. मास्तर, तुम्ही हे धाबं कुठल्या ओढ्यात सोडणार?"

म्हणजे आता तेरा तारखेच्या आत हिरवं गेलं नाही तर कार्यालय रागावणार, दैव रागावणार, आणि चौदाला सकाळी बहराम पेन घेऊन येणार. तिन्ही एकदम. नुसरत आगांनी कंबर कसली.

आधी उपटून बघितलं. एक जुडी ओढली तर तिच्याबरोबर रोटीएवढा गिलावा वर आला. पाच जुड्या, पाच रोट्या. थांबले.

मग कात्री घेतली. तीन दिवस गुडघ्यांवर बसून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या टोकाला पोचले तेव्हा या टोकाला परत बोटभर आलं होतं. कमाल आगा कठड्यावर कोपर टेकून बघत होते. "मास्तर, माझ्या न्हाव्याचंही असंच आहे. मीठ घातलं असतंत तर..."

"कमाल आगा!"

"काही म्हटलं नाही मी."

अकरा तारखेच्या दुपारी नुसरत आगा हातात कात्री धरून जिन्याच्या पायरीवर बसले होते. तलअत खानम फोन घेऊन आल्या, त्यांच्याकडे न बघता नंबर लावला.

"शाबान आगा? सलाम. मुलं बरी? मेंढ्या बऱ्या? एक विचारायचं होतं, तुमच्या मेंढ्या जिना चढतात का?"

फोनमधून उत्तर नुसरत आगांनाही ऐकू आलं. "खानम, मेंढ्या डोंगर चढतात!"

फोन ठेवून तलअत खानम म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही केलं. हिरवं घराबाहेर जायला हवं म्हणून केलं. पोटात घालून नेतील."

तेरा तारीख. या दिवशी घरात बसायचं नसतं, सगळं गाव रानात, बागेत. पण त्या दिवशी सकाळपासून गाड्यांची अशी रांग लागली की कमाल आगा, ज्यांना सगळे रस्ते तोंडपाठ, तेही तासाभरात गॅसची शेगडी घेऊन परत आले.

"बागांत पाय ठेवायला जागा नाही," ते म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. मोनीर खानमनीही वर पाहिलं. "आणि गल्लीत एवढं हिरवं असताना..."

अर्ध्या तासात सगळी गल्ली धाब्यावर. चहाचा समोवार वर, आशच्या दाट कढणाचं पातेलं वर, पुदिन्याच्या आंबटगोड पाकात बुडवून खायला लेट्यूसची पानं वर. गालिचे अंथरायची गरजच नव्हती. मुली गवताच्या पात्यांना गाठी मारायला लागल्या. एक गाठ, एक इच्छा, बहुतेकींची लग्नाची. नुसरत आगांनी पाहिलं तर तलअत खानमही एका कोपऱ्यात बसून गाठ मारतायत.

मोनीर खानम ओरडल्या, "अगं, तुझं झालंय की लग्न!"

"म्हणून तर. तेव्हा मागायचं राहिलं ते मागतेय."

नुसरत आगांनी ओळखलं. लिफ्ट मागत असणार. नाहीतर एसी.

दुपारी शाबान आगा नऊ मेंढ्या घेऊन आले. मेंढ्या डोंगर चढतात हे खरं, पण डोंगराच्या वाटेवर दिवाणखाना नसतो. दिवाणखान्यात महिनाभर धुऊन वाळवून नुकतेच अंथरलेले गालिचे होते. त्यावरचं फुलांचं नक्षीकाम मेंढ्यांना फार आवडलं. दोघींनी चाखून पाहिलं. एक आरशासमोर थांबून स्वतःशी बोलत राहिली. उरलेल्या सहा शिस्तीत जिना चढल्या आणि धाब्यावर येऊन त्यांनी माना खाली घातल्या त्या घातल्याच.

नुसरत आगा तलअत खानमकडे बघायला धजत नव्हते. गालिचे त्यांच्या माहेरचे होते. पण हसण्याचा आवाज आला, आणि तो तलअत खानमचाच होता. मेंढीने त्यांच्या गाठीचं पातं ओढून घेतलं होतं.

"काय मागितलं होतंत?" नुसरत आगांनी हळूच विचारलं.

"मेंढीला विचारा. तिला कळलं आता."

तेवढ्यात बहराम आला. हातात चामड्याची बॅग, बॅगेत उद्याचा कागद. "एक दिवस आधीच आलो, म्हटलं सगळे भेटतील." पण सणाचं जेवण आणि गल्लीचा आग्रह म्हणजे काय ते फ्लॅट विकणाऱ्याला विसरायला झालं होतं. आश झाली, कबाब झाले, त्याने तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा घेतलं, दही झालं. मग तो म्हणाला, जरा पाठ टेकतो. गवत मऊ होतं, वारा गार होता. बहराम असा झोपला की मेंढ्यांनी त्याच्या कानाशी चरूनही तो हलला नाही.

चौदाला सकाळी इंजिनिअर फरशीदी आला. त्याच्या मागे, न बोलावता, उस्ताद यदुल्ला. धाब्यावर मेंढ्या चढल्या हे ऐकून चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसालाही घरी बसवलं नाही. बहराम बॅग घेऊन उभा. सगळे वर.

धाबं मातकट होतं. खुरांच्या ठशांनी भरलेलं, पण मातकट. फक्त मधोमध एक हिरवा ठिपका. ठिपका म्हणजे, दोन हात, दोन पाय, एक गोल डोकं, आणि जरा पुढे आलेलं पोट.

इंजिनिअर वाकला. "हे काय आहे?"

"माझा मेहुणा," नुसरत आगा म्हणाले.

इंजिनिअरने बहरामकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं, आणि मान वळवून खोकल्यासारखं केलं. बऱ्याच वेळाने सरळ झाला. "मातकट धरतो मी. मेहुणे अर्जात येत नाहीत."

एक संकट टळलं. बहराम मात्र कामाचा माणूस. त्याने विचारलं, "उस्ताद, खरं सांगा. हे धाबं धड आहे?"

उस्ताद यदुल्लांनी अंगठ्याने गिलावा दाबला. खाली बसून कान लावला. उभे राहिले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, चौऱ्याहत्तर वर्षांत कधी लागलंच नव्हतं.

"नाही. मुळं आत गेलीत. सगळं खरवडून परत लिंपायला हवं."

कमाल आगासुद्धा मिठाबद्दल बोलले नाहीत. बहरामने बॅगेतून कागद काढून कठड्यावर पसरला आणि पेन पुढे केलं.

नुसरत आगांनी मनोऱ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. ठरलं ते ठरलं. शब्द देणारा आपणच होतो. त्यांनी पेन घेतलं, चष्मा सारखा केला, आणि भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेवर करायचे तशी ठळक सही केली. अक्षर नीट आलं. फक्त शेवटची रेघ नेहमीपेक्षा जरा लांब गेली.

"आता ताई," बहराम म्हणाला. "ताई?"

तलअत खानम वर नव्हत्या.

खालून पाण्याचा आवाज आला. सगळे कठड्यावरून डोकावले. गल्लीत उरलेल्या मातीच्या ढिगाला आळं झालं होतं, नळी लावलेली होती, आणि तलअत खानम सलवार गुंडाळून गुडघाभर चिखलात उभ्या होत्या.

"ताई, हे काय? तूच म्हणालीस ना, धड झालं तरच!"

"मीच म्हणाले, मीच मोडते. तुला काय त्याचं?" त्यांनी एक पाय उचलला, दाबून टाकला. "तेरा दिवसांत या घरात जेवढी माणसं हसून गेली, बहराम, ती तुझ्या लिफ्टमध्ये मावायची नाहीत. नुसरत! वर काय उभे आहात? उस्तादांना आणा खाली, मीठ किती घालायचं ते विचारा."

"खरबुजं यायची आहेत अजून, खानम," उस्ताद म्हणाले. पण ते जिना उतरायलाही लागले होते.

नुसरत आगा कसे खाली आले ते त्यांनाही आठवत नाही. चिखलात उतरले तेव्हा चष्मा वरच राहिला होता. गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, "दमू नका!" आणि दोघं एकदमच म्हणाले, "सलामत राहा!"

बहराम ढिगाच्या कडेला उभा होता. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, हातात एका सहीचा कागद.

तलअत खानमनी त्याच्याकडे पाहिलं. धाकटा भाऊ शाळेतून उशिरा आला की बघायच्या तसं.

"बहराम," त्या म्हणाल्या, "बूट काढ."

बहरामने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सुटका नव्हती. त्याने बूट काढले, मोजे काढले, वाऱ्याने उडू नये म्हणून कागदाची घडी करून उजव्या बुटात खोचली, आणि पाय चिखलात घातला.